नऊ, चाळीस की पंचेचाळीस?

गेले तीन वीकांत मी एक स्प्रेडशीट भरतोय आणि तिच्यात ना घराचे हप्ते आहेत ना टॅक्स. तिच्यात पिस्तुलाच्या गोळ्या आहेत. प्रत्येकीचं वजन, वेग, जाडी, किंमत, भिंतीतून जाते का, वगैरे वगैरे.

घाबरू नका, घेणारा मी नाही. एच-वन-बी वर असलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. (शिकारीचं लायसन काढलं तर अपवाद आहे, पण माझी मजल आजवर झुरळाच्या पुढे गेलेली नाही.) घेणार आहे माझा चुलतभाऊ. दादा २००५ पासून इथे आहे, ह्यूस्टनजवळ राहतो. तो आणि वहिनी दोघंही ग्रीन कार्डवर, म्हणजे त्यांना ही बंदी लागू नाही. टेक्ससमध्ये वाट बघायची मुदतही नाही. दुकानात जायचं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे चौकशी करतो आणि बहुतेक वेळा कॉफी थंड व्हायच्या आत पिस्तूल तुमच्या हातात. आपल्याकडे गॅसचं कनेक्शन घ्यायला याहून जास्त कागद लागतात.

निमित्त असं झालं की दोन महिन्यांपूर्वी दादाच्या गल्लीतलं एक देशी घर फुटलं. भरदुपारी. घरात कोणी नव्हतं, सोनं तेवढं गेलं. देशी घरात सोनं असतं हे चोरांना आपल्या सोनाराइतकंच ठाऊक आहे असं इथे प्रत्येक पॉटलकमध्ये बोललं जातं. दादाची मात्र झोप उडाली. त्याला कामासाठी महिन्यातला एखादा आठवडा बाहेरगावी जावं लागतं, घरी वहिनी आणि माझी नऊ वर्षांची पुतणी. त्याने मला फोन केला आणि 'कसा आहेस' वगैरे न विचारता थेट म्हणाला, "सांग, नऊ, चाळीस की पंचेचाळीस?"

तो स्वतः मेकॅनिकल इंजिनियर आहे. पण आमच्या घराण्यात फ्रीज असो की मोटार, धाकट्याने तक्ता केल्याशिवाय खरेदी होत नाही.

पहिला आठवडा नुसती नावं समजण्यात गेला. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी, इंचात. .४५ ची गोळी अर्ध्या इंचाच्या जरा आत. इथपर्यंत ठीक. पण .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची निघते. आणि .३५७ मॅग्नमची? तीही .३५७ चीच! फरक एवढाच की मॅग्नमची पितळी नळी किंचित लांब आणि जोर बराच जास्त. त्यामुळे मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ खुशाल चालते, पण .३८ च्या रिव्हॉल्वरमध्ये मॅग्नम बसतच नाही. याला म्हणतात बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. १९३५ साली ज्यांनी हे ठरवलं त्यांना आमच्या हापिसात आर्किटेक्ट म्हणून घ्यायला पाहिजे. पुढे .३८० नावाची आणखी एक, ती ९ एमएमच्याच जाडीची पण आखूड. आणि ९ एमएमलाच लुगर, पॅराबेलम, नऊ बाय एकोणीस अशी तीन नावं. ज्यांनी 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल हेच घ्या' नावाची फोल्डरं पाहिली आहेत त्यांना घरच्यासारखं वाटेल.

आपल्याकडे हा घोळ नाही, कारण निवडच नाही. भारतात ९ एमएम आणि .३८ ही पोलीस-लष्कराची बोअर, सामान्य माणसाला बंद. लायसन मिळालंच तर साधारणपणे .३२, बहुतेक कानपूरच्या सरकारी कारखान्यातली. २०१४ साली त्यांनी खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाची हलकी रिव्हॉल्वर काढली, तीही .३२, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा 'कुठलं कॅलिबर' हा प्रश्न पडणं हीच मुळात अमेरिकन चैन आहे. असो.

आता आकडे. अकरावीचं फिजिक्स आहे, अर्धा एम व्ही वर्ग, पळून जाऊ नका. ९ एमएमची नेहमीची गोळी साडेसात ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास. ऊर्जा आली साधारण ४८० जूल. .४५ ची गोळी वजनाला दुप्पट, १५ ग्रॅमची, पण सावकाश जाते, सेकंदाला २६० मीटर. ऊर्जा ५०० जूल. बास! ज्या वीस जुलांवरून इथली माणसं शंभर वर्षं भांडतायत ते हे. .४० जरा वर, ५४० च्या आसपास. .३८ स्पेशल आणि .३८० खाली, २६०-२७०. .३५७ मॅग्नम पावणेआठशे ते आठशे. आणि साधी ५.५६ ची रायफल? १७०० च्या आसपास. म्हणजे रायफलच्या शेजारी ठेवलं की सगळी पिस्तुलं एकाच चाळीत राहणारी वाटतात.

"पण .४५ माणसाला आडवा करते," दादा म्हणाला. हे त्याच्या हापिसातल्या टेक्सन सहकाऱ्याचं ज्ञान. यावर मी त्याला क्रिकेटच्या बॉलचं गणित करून दाखवलं. बॉल १६० ग्रॅमचा, ताशी १४० किलोमीटरने टाकला, तर त्याचा संवेग सहाच्या वर येतो. .४५ च्या गोळीचा चारसुद्धा नाही. ९ एमएमचा पावणेतीन. ७० किलोच्या माणसाला .४५ ने मिळणारा धक्का म्हणजे सेकंदाला साडेपाच सेंटिमीटर, बसमध्ये कोणी 'जरा सरका' म्हणून ढकलतं तेवढाही नाही. सिनेमात माणूस काच फोडून मागे उडतो तो दोरीने. पिस्तुलाची गोळी ढकलत नाही, भोक पाडते. आणि ते भोक मेंदू किंवा मज्जारज्जूत नसेल तर माणूस रक्त गेल्यावरच थांबतो. एफबीआयच्या १९८९ च्या एका टिपणात लिहिलंय की हृदय निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो. दहा-पंधरा सेकंद! मोजून बघा, फार असतात.

.४५ ची ही कीर्ती आली कुठून तर फिलिपिन्समधून. तिथल्या लढाईत अमेरिकन सैन्याचं .३८ चं रिव्हॉल्वर कमी पडतं अशा तक्रारी आल्या, म्हणून १९०४ साली थॉमसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी प्रेतांवर आणि शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर गोळ्या झाडून बघितल्या आणि .४५ हून लहान नको असा निष्कर्ष काढला. गुरं मोजकीच होती. तेवढ्या सँपलवर आमच्या टेस्टिंगवाल्या बाईंनी साधा लॉगिन स्क्रीनसुद्धा पास केला नसता. पण त्यातून १९११ चं .४५ पिस्तूल आलं आणि दोन महायुद्धं लढून देव झालं.

.४० ची कथा याहून रंगतदार. ११ एप्रिल १९८६, मायामी. दोन दरोडेखोर विरुद्ध एफबीआयचे आठ एजंट. चकमकीच्या सुरुवातीलाच एकाला ९ एमएमची गोळी दंडातून छातीत लागली, पण हृदयाच्या जेमतेम इंचभर अलीकडे थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. एफबीआयने ठरवलं की गोळी कमी पडली. मग जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळ्या झाडायची चाचणी बसवली: गोळी कमीत कमी १२ इंच शिरली पाहिजे आणि १८ च्या पुढे जाता कामा नये. आधी १० एमएम घेतली, ती अनेकांच्या हाताला झेपेना. तिचा जोर कमी केला तेव्हा लक्षात आलं की एवढी लांब केस लागतच नाही. ती आखूड केली आणि १९९० साली .४० एस अँड डब्ल्यू जन्माला आली. ती नावं ठेवणारे त्या 'एस अँड डब्ल्यू'चा अर्थ 'शॉर्ट अँड वीक' असा लावतात :-) पोलीसखात्यांनी धडाधड .४० घेतली. आणि मग २०१४ साली एफबीआयच्याच ट्रेनिंग विभागाने सांगितलं की गोळ्यांची बनावट आता इतकी सुधारली आहे की ९, ४० आणि ४५ च्या जखमांत म्हणावा असा फरक राहिलेला नाही. उलट ९ एमएमने नेम चांगला बसतो, गोळ्या जास्त मावतात, स्वस्त पडते. परत ९ एमएम. अठ्ठावीस वर्षांनी रोलबॅक!

इथे माझं स्प्रेडशीट खरं तर संपलं. ९ एमएम घ्या, वाद मिटवा. मी दादाला तसं कळवलंही. तो खूश झाला, पण एक कॉलम राहिला होता, भिंतीचा. त्यासाठी मी शुक्रवारी रात्री डॅलसहून चार तास गाडी हाणत त्याच्याकडे गेलो.

इथली घरं तुम्हाला माहीत आहेतच. लाकडाच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाची जिप्समची पाटी, मधे पोकळी. आपल्या साताऱ्याच्या घराच्या भिंतीत खिळा ठोकायला गवंडी लागतो, इथे चिडून कोपर मारलं तरी भोक पडतं. आता गणित बघा. जी गोळी माणसात १२ इंच शिरते ती जिप्समच्या दोन पाट्यांना विचारतसुद्धा नाही. दोनच्या चार केल्या तरी जाते. हॉलो पॉइंट म्हणजे पुढून पोकळ, शरीरात फुलणारी गोळी घेतली की ती भिंतीत अडकेल असं बऱ्याच लोकांना वाटतं. होतं उलटंच. त्या पोकळीत जिप्समचा भुगा बसतो, मग ती फुलत नाही, साध्या गोळीसारखी सरळ पुढे जाते. नऊ, चाळीस, पंचेचाळीस, सगळ्यांचं तेच. भिंतीत अडकेल आणि माणसाला पुरेल असं पिस्तुलाचं कॅलिबर मला सापडलेलं नाही.

मी दादाच्या बेडरूमच्या दारात उभा राहिलो. चोर जिन्याने वर येणार, म्हणजे नेम जिन्याच्या तोंडाशी. जिन्याच्या मागे भिंत. भिंतीमागे पुतणीचा पलंग, उशी नेमकी त्याच बाजूला. दादा दोन मिनिटं काही बोलला नाही. मग आम्ही दोघांनी तो पलंग उचलून दुसऱ्या भिंतीला लावला. पुतणीला सांगितलं, इकडून खिडकी दिसते. ती म्हणाली, "आधी पण दिसायची."

दुसऱ्या दिवशी रेंजवर गेलो, भाड्याने पिस्तुलं मिळतात तिथे. मी कशालाही हात लावला नाही, व्हिसाचा प्रश्न आहे बाबा. कानाला मफ लावून काचेमागे बसलो आणि गुण लिहिले. अंतर सात यार्ड, म्हणजे एकवीस फूट. दादाने हौसेने .४५ घेतली. पाचातल्या तीन खाली डावीकडे. म्हणजे धक्का येणार या अपेक्षेने हात आधीच दबतो, उजव्या हाताच्या नवशिक्याची ही ठरलेली खूण. ९ एमएमवर तो बरा होता. दुकानातल्या माणसाने वहिनीला परस्पर एक छोटी, हलकी .३८ ची रिव्हॉल्वर दिली, बायकांसाठी हीच बरी म्हणे. तिचा घोडा ओढायलाच दहा-बारा पौंड जोर लागतो, आणि पिस्तूल जितकं हलकं तितका झटका जास्त, हे न्यूटनने सांगून ठेवलंय. पाच गोळ्यांनंतर वहिनीने ती परत केली. "छोटी दिसते म्हणून बायकांना देतात वाटतं. हात तुटला माझा." मग तिने पूर्ण आकाराचं ९ एमएम घेतलं आणि दहाच्या दहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. दादाने तो कागद घडी करून खिशात घातला. मला वाटतं लपवायला.

आवाजाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ९ एमएमचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, १४० च्या पुढे कानाला कायमची इजा होऊ शकते. रात्री तीन वाजता बंद खोलीत, मफशिवाय. .३५७ मॅग्नम त्याहून कर्कश. कॅलिबर लहान घ्यायला हेही एक कारण आहे.

परत येताना गाडीत वहिनी म्हणाली, "बाबा ऑक्टोबरात येतायत." बाबा म्हणजे माझे काका. सहा महिने राहायला येतात. पहाटे चारला उठतात, दिवा लावत नाहीत, 'उगाच बिल कशाला', आणि अंधारात भिंत चाचपत खाली चहा करायला जातात. साताऱ्यात करतात तेच इथे. दादा म्हणाला, बाबांच्या पावलांचा आवाज मी ओळखतो. वहिनी म्हणाली, झोपेतून दचकून उठल्यावर? मी मागच्या सीटवरून १९९२ ची बॅटन रूजची गोष्ट सांगितली. योशिहिरो हत्तोरी, सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी, हॅलोवीनच्या पार्टीसाठी पत्ता चुकून भलत्याच घरी गेला आणि घरमालकाच्या .४४ मॅग्नमने मेला. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत असाच एक सोळा वर्षांचा मुलगा भावंडांना आणायला चुकीच्या घरी गेला, बेल वाजवली, त्याला डोक्यात गोळी लागली. ती .३२ ची होती, तो वाचला. कॅलिबरने फरक पडतो तो असा पडतो. आणि न कळवता कोणाच्याही दारात डबा घेऊन उभे राहणारे आपण लोक! म्हणून टॉर्च आधी, पिस्तूल नंतर, हे सर्वानुमते मंजूर झालं.

रात्री पुतणी झोपल्यावर वहिनीने खरा मुद्दा काढला. (हे तिला आणि दादाला दाखवूनच टाकतोय. दादा म्हणाला, टाक.) २०२० साली तेलाचे भाव कोसळले, एप्रिलमध्ये तर एक दिवस शून्याच्याही खाली गेले, तेव्हा दादाची नोकरी गेली. आठ महिने तो घरी होता. सुरुवातीला अर्ज, मग नुसताच लॅपटॉप उघडून बसणं, मग तेही नाही. आम्हा सगळ्यांना फोनवर 'मजेत' सांगायचा. वहिनी रात्री उठून बघायची की तो खालीच बसलाय ना.

ती म्हणाली, "त्या आठ महिन्यांत हे घरात असतं तर?"

माझ्या स्प्रेडशीटमध्ये याचा कॉलम नव्हता. आकडे मला माहीत होते, वाचनात आले होते. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातली २६,३२८ आत्महत्येने. निम्म्याहून जास्त. चोरीचा आकडा बघायचा तर सरकारी पाहणीनुसार २००३ ते २००७ मध्ये घरफोडीच्या वेळी घरात कोणी असण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्के, आणि एकूण घरफोड्यांत हिंसेपर्यंत गेलेल्या सात टक्के. मी हे सांगत होतो आणि दादा टेबलावरचे खारे दाणे एकेक करून सोलत होता. त्या अंतरावर नऊ काय, बावीस काय, सगळी कॅलिबरं पुरतात, हे आम्हा तिघांनाही कळत होतं, कोणी बोललं नाही.

मग दादा म्हणाला, "मग नकोच का?"

वहिनी नको म्हणाली नाही. ती आठवडाभर एकटी असते ती, तो नाही. तिला हवंय. तिच्या अटी वेगळ्या होत्या, इतकंच. तासभर वाटाघाटी चालल्या. माझी भूमिका क्लार्कची.

तर सध्याची स्थिती. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. पुढच्या-मागच्या दाराच्या चौकटीतले पाऊण इंची स्क्रू काढून तीन इंची घातले, आतल्या लाकडापर्यंत जाणारे. लाथ घातली की उघडतं ते बहुतेक कुलूप नसतं, चौकट असते. खर्च दहा डॉलरच्या आत आणि माझ्या मते या पूर्ण प्रकरणातली ही सर्वात उत्तम खरेदी. टॉर्च दोन. जिन्यावर सेन्सरचा दिवा, म्हणजे काका उठले की आपोआप लागेल (बिलाबद्दल त्यांना कोण समजावणार ते ठरायचंय). पलंगाशेजारी बोल्टने जमिनीला आवळलेली छोटी तिजोरी. आणि तिच्यात पूर्ण आकाराचं ९ एमएम, वहिनीच्या नावावर. फॉर्म तिने भरला. तिजोरीचा आकडा फक्त तिला माहीत.

दादाने यावर शेवटचा आक्षेप नोंदवला तो मी निघताना, गाडीच्या खिडकीशी. "म्हणजे चोर आला की मी त्याला काय सांगू? थांब, हिला उठवतो?"

"उठवायचं काय," वहिनी मागून म्हणाली, "तू घोरतोस, मी जागीच असते."